आहेराची वही

लग्नघरात मांडवाच्या तोंडाशी एक माणूस वही घेऊन बसलेला असतो. बहुधा घरातला थोरला, हिशेबाला पक्का आणि अक्षर बरं असलेला. वहीच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट, वर 'श्री', आणि खाली एकेक ओळ: नाव, गाव, रक्कम. १०१. ५०१. साडी. स्टीलचा डबा. टॉवेल-टोपी. सोलापुरात टॉवेल गावातच विणले जातात, त्यामुळे 'टॉवेल-टोपी' ही नोंद पानापानावर सापडते. लग्न उरकलं की वही कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत जाते. त्यातल्या कुणाच्या घरी कार्य निघालं की ती बाहेर येते, बोट ओळींवरून खाली सरकतं आणि एका आकड्यापाशी थांबतं. त्यांनी ५०१ केले होते, आपल्याला निदान तेवढे तरी करायला हवेत.

या वहीत वाईट काही नाही. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मुलखात माणसांनी एकमेकांची लग्नं अशीच उभी केली. घेतलेलं लक्षात ठेवणं हा चांगुलपणाच आहे. अडचण दुसऱ्या वहीची आहे. ती कपाटात नसते, मनात असते, आणि तिच्यात फक्त दिलेलं लिहिलं जातं. सासूबाईंच्या दुखण्यात आठ दिवस दवाखान्यात डबा नेला. धाकट्याची फी भरली. रात्री दोनला उठून गाडी काढली. प्रत्येक ओळीच्या पुढे एक रकाना कोरा असतो, समोरच्यानं भरायचा म्हणून. त्याला त्या रकान्याचा पत्ताच नसतो. रकाना कोराच राहतो आणि आपण आतून आंबत जातो.

अशा प्रेमात आनंद का टिकत नाही, याचं उत्तर मला तरी या कोऱ्या रकान्यात दिसतं. प्रेम कमी पडत नाही. वही मिटत नाही.

आपल्या भाषेत यासाठी 'निर्व्याज' असा एक सुरेख शब्द आहे. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. निर्व्याज म्हणजे आत एक बाहेर एक असं नसलेलं. पण मराठी कानाला त्यात बँकेचं व्याज ऐकू येतं, आणि ते ऐकू येऊ द्यावं. दोन्ही अर्थ एकाच जागी पोहोचतात. दिलं ते दिलं, त्यावर काही चढत नाही. नारदांच्या ८४ भक्तिसूत्रांत प्रेमाचं जे वर्णन आहे ते असंच कोरडं आणि नेमकं आहे: गुणरहित, कामनारहित, क्षणोक्षणी वाढणारं, न तुटणारं. गुणरहित हा शब्द पटकन निसटतो. समोरच्याचे गुण पाहून जडलेलं प्रेम गुणांबरोबर जातं, म्हणून तो तिथं पहिला आहे. आणखी एक शब्द त्याच सूत्रांत आहे, 'तत्सुखसुखित्व'. त्याच्या सुखानं सुखी होणं. जाराच्या, म्हणजे चोरट्या प्रियकराच्या, ओढीत हे नसतं, असं नारद स्पष्ट सांगतात. आनंदाची सगळी वाट या एका शब्दात आहे. ज्याला फक्त स्वतःच्या सुखानं सुखी होता येतं त्याच्याकडे सुखाचा एकच झरा असतो. दुसऱ्याच्या सुखानंही ज्याला सुख होतं, त्याच्या विहिरीला किती ठिकाणी पाणी लागलंय याची मोजदाद होत नाही. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी लागणाऱ्या जिवंत झऱ्याला जिव्हाळा म्हणतात, हे काही उगीच नाही.

सोलापुरात राहून हे समजून घ्यायचं तर सिद्धरामेश्वरांच्या तळ्यावर जावं. बाराव्या शतकातले हे शिवयोगी. गावाभोवती ६८ लिंगं त्यांनी स्थापली, आणि लोकांना पाणी मिळावं म्हणून तळं खणलं. आज त्या तळ्यात मधोमध मंदिर आहे आणि मंदिरात त्यांची समाधी. इतकं केलेल्या माणसाच्या प्रेमात खोट काढायला कुणी धजणार नाही. पण वीरशैव परंपरेनं जपलेली एक कथा नेमकी तीच खोट काढते. तळ्याचं काम जोरात चालू असताना संतकवी अल्लमप्रभू तिथं येतात आणि विचारतात, तो माती खणणारा राम कुठं आहे? खणणारे भक्त चिडतात, दगड मारतात. खुद्द सिद्धराम संतापून बाहेर येतात. मग दोघांचं बोलणं होतं, आणि सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला जातात, बसवण्णांच्या, म्हणजे महात्मा बसवेश्वरांच्या, त्या सगळ्या मेळ्यात.

तळं चुकीचं नव्हतंच. ते आजही आहे. अल्लमप्रभूंनी बोट ठेवलं ते 'मी तळं बांधतोय' यावर. लोकांसाठी केलेल्या कामाच्याही कडेला एक वही होती आणि तिच्यात बांधणाऱ्याचं नाव होतं. ते पुसायला बाहेरून कुणीतरी यावं लागलं, आणि पुसताना राग आला. ही खूण फार उपयोगाची आहे. आपलं प्रेम निर्व्याज आहे की नाही, हे गोड वाटण्यावरून कळत नाही. कुणी आपल्या केल्याला कमी लेखलं की आत काय उसळतं, त्यावरून कळतं.

आता वाट कशी चालायची, ते. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात, ३३व्या सूत्रात, चार प्रकारच्या माणसांसाठी चार भाव सांगितले आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. यानं काय साधतं? चित्तप्रसादन. प्रसाद म्हटलं की आपल्यासमोर शिऱ्याचा द्रोण येतो, पण इथं प्रसाद म्हणजे नितळपणा. गढूळ पाणी निवळावं तसा.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पिंपात गढूळ पाणी भरलं की बायका तुरटीचा खडा धरून तीन-चार फेरे मारतात आणि खडा बाहेर काढतात. मग पिंपाला हात लावायचा नाही. गाळ आपोआप तळाशी बसतो. खडा जास्त वेळ फिरवला तर पाणी तुरट होतं, आणि निवळलं का म्हणून सारखं ढवळून पाहिलं तर ते निवळतच नाही. प्रेमाच्या साधनेतही बहुतेक जण इथंच चुकतात. भाव करायचा थोडा वेळ आणि सोडून द्यायचा जास्त वेळ. 'माझ्यात फरक पडला का' हे दर तासाला तपासणं म्हणजे पिंपात हात घालणं.

रोज २० मिनिटं पुरतात, पण जागा आणि वेळ ठरलेली असावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पहाटेसारखी वेळ नाही. साधं बसावं, पाठ ताठ, हात मांडीवर. पहिली पाच मिनिटं अशा जिवासाठी, ज्याच्यावर प्रेम करायला कष्ट पडत नाहीत: घरातलं लहान मूल, आजी, पूर्वीचे एखादे मास्तर. मनात त्याला समोर बसवायचं आणि श्वास सोडताना एक वाक्य म्हणायचं, तू सुखी राहा. एवढंच. घरात ज्या भाषेत माया केली जाते त्याच भाषेत म्हणावं. या गावात ती मराठी असेल, कन्नड असेल, तेलुगू असेल, उर्दू असेल. पुस्तकी संस्कृत वाक्य मनाच्या वरवरच राहतं. दुसरी पाच मिनिटं तेच वाक्य स्वतःला. तिसरी पाच एका अनोळखी माणसासाठी, आणि शेवटची पाच नुसतं गप्प बसण्यासाठी.

पाली भाषेतल्या बौद्ध परंपरेत या साधनेला मेत्ता म्हणतात. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात तिची बारीकसारीक पथ्यं आहेत. तिथं क्रम स्वतःपासून सुरू होतो, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ना जवळचा ना परका असा माणूस, आणि सगळ्यात शेवटी वैरी. आपल्याकडच्या माणसांना, विशेषतः बायकांना, स्वतःपासून सुरुवात जड जाते. 'मी सुखी राहो' म्हणताच काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. त्यांनी आधी लहान मूल घ्यावं, मन ओलं झालं की स्वतःकडे वळावं. बाकीची दोन पथ्यं मात्र मोडू नयेत. वारलेल्या माणसापासून सुरुवात करायची नाही, कारण आठवण लगेच शोकाकडे जाते. आणि ज्याच्याविषयी शरीराची ओढ आहे त्याच्यापासूनही नाही, कारण मैत्रीच्या वेषात आसक्तीच वाढते.

अनोळखी माणूस कुणाला घ्यायचं? रोज दिसतो पण ज्याचं नावही माहीत नाही असा. पाण्याचा जार आणणारा, इस्त्रीवाला, एसटीचा कंडक्टर, विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे चाललेली बाई. ही पायरी फिकी वाटते म्हणून लोक ती गाळतात, आणि तिथंच साधना लंगडी पडते. जिवलगांवरच्या प्रेमात आपला स्वार्थ मिसळलेला असतो आणि वैऱ्यावरच्या प्रेमात आपला मोठेपणा. अनोळखी माणसाकडून यायचं काहीच नसतं, म्हणून तिथं प्रेमाचा खरा रंग दिसतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे, जन्म १९१०चा. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे परतले, कोटणीस राहिले. ना भाषा आपली, ना माणसं आपली. भाषा शिकले, तिथंच संसार मांडला आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी आजारपणात तिथंच गेले. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. पोरांना ते देशभक्त म्हणून माहीत असतात. तिथं जाताना कधीतरी हेही डोक्यात ठेवावं की ते ज्यांच्यासाठी राहिले, ते त्यांचे कुणीही नव्हते.

आपल्याला दुखावणाऱ्या माणसाकडे किमान तीन आठवडे वळू नये. वळताना सगळ्यात खोल घाव आधी घेऊ नये, छोटा खटका घ्यावा. जिन्यात चपला पसरवणारा शेजारी पुरे. भावकीतला वाटणीचा दावा दुसऱ्या महिन्यात. घाईनं मोठ्या वैऱ्याला समोर बसवलं की जुनी भांडणं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं रंगतात, आणि २० मिनिटांनी माणूस उठतो तो जास्त कडू होऊन.

पहिले काही दिवस तर काहीच वाटत नाही. नुसतं वाक्य, कोरडं. यानं घाबरू नये. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी नोकरदार माणसांना सात आठवडे ही साधना शिकवली होती. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातही आनंदाच्या भावना पहिल्याच दिवशी उसळल्या नाहीत, आठवड्यागणिक चढत गेल्या. कोरडेपणा ही चूक नाही. जमिनीत पहिलं पाणी मुरताना वर काही दिसत नाही, तसं ते आहे.

खरी चूक दिसायला फार सुंदर असते. बुद्धघोषांनी प्रत्येक भावाचा एक 'जवळचा शत्रू' सांगितला आहे: भावासारखाच दिसणारा, म्हणून ओळखू न येणारा. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती. करुणेचा, शोक. उपेक्षेचा, बेफिकिरी. करुणेचं घ्या. घरात दीर्घ आजारी माणूस असलं की करणारी व्यक्ती त्याच्या दुखण्यातच बुडते, त्याच्याबरोबर जेवण सोडते, झोप सोडते. सगळे म्हणतात, किती माया! पण हा शोक आहे, आणि तो वर्षभरात माणसाला रिकामं करतो. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांतही हाच भेद दिसला. दुसऱ्याचं दुःख स्वतःत जसंच्या तसं घेण्याचा सराव केलेल्यांना त्रास वाढला. नंतर त्यांनाच दुःखिताचं भलं चिंतण्याचा सराव दिला, तेव्हा मन पुन्हा उभारी धरू लागलं. रुग्णाच्या उशाशी बसताना 'यांना किती दुखतंय' हे वाक्य बदलून 'यांना आराम पडो' एवढं केलं तरी श्वास बदलतो. हात तेच राहतात, पाय चेपणंही तेच.

आसक्तीची परीक्षा सोपी आहे आणि कडक आहे. आपलं माणूस आपल्याशिवाय सुखी झालं तर कसं वाटतं? मुलगा त्याच्या सासूबाईंना रोज फोन करतो आणि तिथं खळखळून हसतो, हे कळल्यावर? मैत्रीण नव्या मैत्रिणींबरोबर तुळजापूरला जाऊन आली, हे फोटोत पाहिल्यावर? टोचलं तर टोचू द्यावं, स्वतःला शिव्या देऊ नयेत. त्याच क्षणी मनात म्हणावं, बरं झालं, तिला आनंद मिळाला. पहिल्यांदा हे खोटं वाटतं. दहाव्यांदा निम्मं खरं वाटतं. यालाच मुदिता म्हणतात, आणि चौघींत हीच सर्वांत अवघड, असं माझं मत आहे. दुःखात धावून जाणारी माणसं पुष्कळ असतात. दुसऱ्याच्या सुखात मनापासून उभी राहणारी हाताच्या बोटांवर मोजावीत.

आणि उपेक्षा. या शब्दाचं मराठीत वाटोळं झालं. आपण तो हेळसांड या अर्थी वापरतो. मुळात उप आणि ईक्ष, जवळून पाहणं, पण ओढलं न जाता. बिनअटीच्या प्रेमावर सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होतो. प्रेमाला अट नसावी, व्यवहाराला असावी. दारू पिणाऱ्या भावाला पैसे द्यायचे नाहीत, ताट वाढायचं. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून दूर व्हायचं, गरज पडली तर पोलिसांत जायचं, आणि हे करताना प्रेम हरलं असं मानायचं नाही. त्याचं भलं होवो, ही इच्छा त्याच्या घरात राहून मार खात करायला हवी असं कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही. सहनशीलतेला प्रेम म्हणून खपवणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या बायकांचं फार नुकसान केलं आहे.

वही उघडी आहे हे ओळखायची खूण म्हणजे 'एवढं करून' हे दोन शब्द. एवढं करून कुणाला किंमत आहे का. ते मनात उमटले की उपाय एकच, करणं कमी करावं. चार पदार्थ करून चिडण्यापेक्षा पिठलं-भाकरी करून हसत वाढावं. जितकं हिशेबाशिवाय देता येतं तितकंच द्यावं. सुरुवातीला ते लाजिरवाणं वाटेल इतकं थोडं असतं, पण ते शुद्ध असतं आणि वाढतं.

बसण्याची सवय ज्यांना नाही त्यांच्यासाठी चूल हीच बैठक. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते. म्हणून सगळ्यांची कणीक एकदम मळून ठेवता येत नाही, भाकरी एकेकीच करावी लागते. एका भाकरीचं पीठ परातीत घ्यायचं, आदणाचं पाणी घालायचं आणि तळहाताच्या टाचेनं रगडायचं, मऊ लोण्यासारखं होईतो. कमी रगडलं की थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, तेवढ्यात उलटायची. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. तो क्षण सापडायला लक्ष तिथंच लागतं. मन जुन्या भांडणात असेल तर भाकरी सांगतेच. तर रगडताना एक नाव घ्यायचं, ही भाकरी ज्याच्या ताटात जाणार त्याचं. पाच भाकऱ्या, पाच नावं. दोन-तीन मिनिटांची एक, म्हणजे पहाटेच्या बैठकीपेक्षाही कमीच वेळ. आणि ज्याच्यावर आज राग आहे त्याची भाकरी शेवटी न ठेवता मध्ये करायची, तवा नीट तापलेला असताना.

वारकऱ्यांनी हेच एका शब्दात बसवलं आहे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीआधी सोलापुरातून पंढरपूरला जाते, तेव्हा रस्त्याकडेला उभं राहून ऐकावं. पाणी देणारा म्हणतो, 'घ्या माऊली.' घेणारा म्हणतो, 'द्या माऊली.' देणारा पाया पडतो, घेणाराही पाया पडतो. कोणी कोणाला दिलं, हे लिहायचं तर वहीत नाव कुणाचं घालणार? दोन्ही रकान्यांत माऊलीच.

आणि मग जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची जत्रा, येते. संक्रांतीच्या दिवसांत आधी नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला फिरतात आणि मग तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येनं सिद्धरामांशीच लग्न करायचा हट्ट धरला आणि योग्यानं तिला आपला योगदंड दिला, तिचं लग्न त्या दंडाशी लागलं, अशी कथा आहे. त्या लग्नाला आजही सगळं गाव जातं. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज पेलून उभे असतात, कन्नडमधून संमतीचं वाचन होतं. तळ्याकाठी, भिंतींवर, लांबच्या गच्च्यांवर माणसं मूठ मिटून थांबलेली असतात. वाचन संपतं आणि एकाच वेळी हजारो हात वर जातात. गच्चीवरच्या बाईच्या अक्षता कट्ट्यापर्यंत पोहोचत नाहीत, खाली उभ्या असलेल्या कुण्या परक्या माणसाच्या डोक्यावर पडतात. तो वर पाहत नाही. त्यानंही आत्ताच आपली मूठ उघडलेली असते. रात्री घरी आल्यावर केस विंचरताना फणीत दोन-तीन दाणे निघतात, कुणाचे ते माहीत नाही.